मानेतला खुंटा

बिब्ब्याचा वास मला अजून सहन होत नाही. परटाने धोतराच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण केलेली दिसली तरी हात आपोआप मानेमागे जातो. तिथे दोन काळपट डाग आहेत, रुपयाएवढे. बघणाऱ्याला वाटतं, मान मोडली त्याच्याच या खुणा. तसं नाही. मान आत मोडली होती आणि तिची खूण बाहेर कुठेच नव्हती. घोळ झाला तो त्यामुळेच.

मी रत्नागिरीकडचा. शाळा चौथीतून सुटली ती सुटलीच. विजेचे खांब उभे करणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर मी मेहकर तालुक्यात आलो, तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेन. नवं राज्य झालं होतं, गावोगाव वीज येणार म्हणत होते. आम्ही सातजण होतो, आणि आमच्यावर सांगलीकडचा एक मुकादम. जानेफळच्या पुढे एका गावात एका शेतकऱ्याने आम्हाला ओसरी दिली. भाडं घेतलं नाही. त्याला आम्ही दादा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला वहिनी. मी घरापासून इतका लांब कधी आलो नव्हतो. पत्र जायला आठ दिवस, उत्तर यायला आठ दिवस. मधल्या काळात आई मेली असेल, घराला आग लागली असेल, असलं काहीबाही डोक्यात घोळत राहायचं. माझा स्वभावच तसा. म्हणून त्या ओसरीवर कुणी चहाचा कप पुढे केला तरी मला भरून यायचं.

खांब उभा झाला होता. वरची आडवी पट्टी बसवायला मी चढलो. कमरेचा दोर सुटला, की मीच तो नीट बांधला नव्हता, हे आजही सांगता येत नाही. दोन पुरुष उंचीवरून मी उलटा खाली आलो, तो डोक्यावरच, खड्ड्यातून उपसलेल्या काळ्या मातीच्या ढिगात. माती मऊ म्हणून कवटी वाचली. उठून उभा राहिलो आणि थुंकलो, तर मातीबरोबर गांडुळाचा अर्धा तुकडा पडला. तो वळवळत होता. सगळे हसले, मीही हसलो. हसताना मानेत एक कळ आली, ती कानामागून टाळूपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेलो, तर डोकं उशीवरून येईना. अंग उठत होतं, डोकं मागेच राहत होतं. शेवटी पुढचे केस मुठीत धरले आणि डोकं उचललं, विहिरीतून बादली काढावी तसं. उभा राहिल्यावर दोन्ही तळहात जबड्याखाली लावले की जरा बरं वाटायचं. हात काढले की भीती वाटायची. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त. डोकं आपल्या धडाचं नाही, नुसतं वर ठेवलेलं आहे, असं वाटायचं.

तसे नऊ दिवस काढले. हातात डोकं घेऊन गावभर फिरलो. पाणी प्यायला कुणीतरी तांब्या तोंडाला लावायचा. पोरं माझ्यामागे जबडा धरून चालायची. पारावरचे म्हातारे विचारायचे, डोकं बाजारात न्यायला निघाला का. मुकादम म्हणायचा, नवरीसारखा मान सावरत बसलायस, खांब काय मी उभे करू. सगळ्यांनी मला तसं पाहिलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे यातलं कुणालाच काही आठवेना.

पहिला इलाज किराणा दुकानदाराने केला. त्या माणसाच्या दुकानात मीठ, गूळ, रॉकेल आणि सल्ला सारख्याच मापाने मिळायचा. त्याने मला दुकानाच्या फळीवर बसवलं, माझी मान दाबून पाहिली आणि म्हणाला, "मान भरली बे तुही. बिब्बा लावतो, दोन दिवसांत बैलावानी हालवशीन." बिब्बा तापवून त्याने दोन जागी टेकवला. रात्रीत फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. पिवळं पाणी सदऱ्याच्या कॉलरमध्ये वाळायचं आणि सदरा कातडीला चिकटायचा. माश्या तिथून हलायच्या नाहीत, आणि हात जबड्याखाली अडकलेले, त्यामुळे मला त्यांना हाकलताही यायचं नाही. माश्यांचे पाय उघड्या मांसावर चालताना कळतात. ते कसं असतं हे मला लिहायचं नाही, पण विसरताही येत नाही.

दोन दिवसांनी गुण नाही म्हटल्यावर तो म्हणाला, आता एक झटका देतो, कट्‌ आवाज आला की समजायचं बसली. त्याने तेलकट तळवा माझ्या हनुवटीला लावला, दुसरा डोक्यामागे. त्याच्या तोंडाला कांद्याचा आणि तंबाखूचा वास होता. मी भित्रा माणूस आहे. अंग झाडून उठलो आणि दोन्ही हातांत डोकं धरून पळालो. मागे दुकानासमोरची सगळी माणसं हसत होती. आयुष्यात भित्रेपणा मला एवढा कधी उपयोगी पडला नाही.

मग सगळे म्हणू लागले, घरातच औषध आहे आणि हा गावभर काय हिंडतो.

वहिनी पायाळू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याच्या पायात गुण असतो असं मानतात. पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान लचकली की माणूस पायाळूच्या उंबऱ्यावर येऊन पालथा पडतो. पायाळूने डावा पाय दुखऱ्या जागी तीनदा लावायचा. वेळ सकाळची, दोघांच्या पोटात अन्न नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी एक शब्द बोलायचा नाही. आजारी माणसाने न बोलता यायचं, न बोलता जायचं. घरच्या सुनेने परक्या पुरुषाला पाय लावणं एरवी कुणी खपवून घेतलं नसतं, पण यात चालायचं. रविवारी उंबऱ्यावर दोघं-तिघं तरी असायचे. वहिनी बाहेर येऊन, मान वळवून, पाय लावायच्या आणि मागच्या अंगणात जाऊन राखेने पाय घासायच्या. एकदा मी विचारलं, त्यात पाप असतं का. म्हणाल्या, पाप कसलं, घामट पाठी असतात, तेल चोपडलेल्या, कुणाच्या अंगावर गजकर्ण. अंगावर काटा येतो, पण आलेल्याला परत कसं पाठवावं.

माझ्यावर पाय ठेवायला त्या तयार नव्हत्या. ओसरीवरचा माणूस, भावासारखा. पण मुकादमाने दादांना गळ घातली, दादांनी त्यांना, आणि दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी उंबऱ्यावर पालथा पडलो. पडलो म्हणजे दोघांनी मला टेकवलं. तोंडाखाली शेणाने सारवलेली जमीन होती. माझ्या मानेचा वास मलाच येत होता.

त्यांच्या अंगठ्याचा नुसता स्पर्श झाला. दाब नव्हताच. दोन्ही हातांतून बोटांच्या टोकांपर्यंत मुंग्यांची रांग धावली आणि जीभ जड झाली. मी ओरडलो नाही, बोलायचं नव्हतं म्हणून. पण बोटं मुडपली असणार. पाय उचलला गेला. दुसऱ्यांदा तो आलाच नाही. आणि वहिनी बोलल्या.

"हे उसण नाही. किती मानेले पाय लावले मी, अशी मान नसते. आतमधी काहीतरी सरकून राह्यलं. यायले हालवू नका. दवाखान्यात न्या."

बघायला जमलेल्यांमध्ये कुजबुज झाली. त्यांना दवाखान्याचं काही नव्हतं, वहिनी बोलल्या याचं होतं. पायाळू उंबऱ्यावर बोलली, म्हणजे गुण उलटा जाणार. दुकानदार हे मोठ्याने म्हणाला. वहिनी आत गेल्या आणि गोधडी घेऊन आल्या. तिची घट्ट वळकटी करून त्यांनी ती माझ्या मानेभोवती गुंडाळली. पुवाने भिजलेल्या त्या मानेला हात लावताना त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं नाही. मी केलं असतं.

जानेफळपर्यंत बैलगाडी, पुढे मेहकर, पुढे चिखलीवरून बुलढाणा, सगळं एसटीने. बैलगाडीत दादांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. एसटीत ते माझ्यामागच्या बाकावर बसले आणि दोन्ही पंज्यांनी माझे कान झाकून डोकं धरून राहिले. प्रत्येक खड्ड्याला त्यांची पकड आवळायची. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि कंडक्टरला जागा बदलून मागितली. तिचा काही दोष नव्हता. दादांचा घाम माझ्या कपाळावर पडत होता आणि मला तो पुसता येत नव्हता. त्या माणसाचे उपकार मोजायला माझ्याकडे माप नाही.

मोठ्या दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी आम्हाला बघितलं. मी हातात डोकं घेऊन उभा होतो, माझ्या हातांवर दादांचे हात. डॉक्टर हातातलं काम टाकून आले आणि हळू आवाजात म्हणाले, कुणी बोलू नका, तसेच उभे राहा. आडवं ढकलायची गाडी आणली. चौघांनी मला ओंडक्यासारखं एका झोकात उचललं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मग ते दादांना म्हणाले, "स्वतःचं डोकं हाताने धरून जो चालत येतो, त्याची मान मोडलेली आहे असं समजूनच पुढे जायचं. फोटोत दिसो न दिसो."

फोटोत खरंच दिसलं नाही. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये कवटीची आणि जबड्याची सावली एकमेकींवर पडली होती. डॉक्टर तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी माझ्या तळपायावर टाचणी टोचली, बोटं हलवायला लावली, हातांची पकड बघितली. मग म्हणाले, आता तोंडातून फोटो काढायचा. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांसमोर काय ते तोंडच असतं, ते उघडं ठेवलं की आतलं दिसतं.

माझं तोंड उघडण्यासारखं नव्हतं. दहा दिवस चूळ नीट भरलेली नाही, त्यात तंबाखू, आणि मागच्या दोन दाढा किडलेल्या. उघडलं तेव्हा जो वास आला, त्याने मीच कसानुसा झालो. मशीनवाल्याने मान फिरवली. डॉक्टरांनी मात्र तोंड माझ्या तोंडाजवळ आणून आत डोकावून पाहिलं आणि दातांमध्ये बाटलीचं बूच बसवलं, म्हणजे जबडा मिटणार नाही. बुचाला कसल्याशा औषधाची कडू चव होती. लाळ गालावरून कानात ओघळली. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, आणि खरंच मरू अशी भीतीही होती.

त्या फोटोत वरच्या आणि खालच्या दातांच्या मधोमध एक दांडा दिसत होता, आणि त्याच्या बुंध्याशी केसासारखी आडवी रेघ. डॉक्टरांनी मला तो झोपल्या जागी, डोळ्यांसमोर धरून दाखवला. मला काही समजेना. तेव्हा त्यांनी विचारलं, घरी जातं आहे का. आहे म्हटलं.

"खालच्या तळीत खुंटा असतो. वरची तळी त्याच्याभोवती फिरते. तुमच्या मानेत तसंच आहे. दुसऱ्या मणक्याला खुंटा, त्याच्याभोवती पहिला मणका फिरतो, वर डोकं. तुमचा खुंटा मोडलाय. तळी अजून सरकली नाही. सरकली, तर मागे मज्जारज्जू आहे. मग श्वासच बंद."

दादा भिंतीला टेकले. डॉक्टरांनी विचारलं, मधे कुणी मान पिळली, दाबली का. मी दुकानदाराचं सांगितलं. दादांनी खाली बघत सांगितलं की माह्या बायकोनं पाय लावला. डॉक्टरांनी मला विचारलं, डोकं हाताने कधीपासून धरताय. पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, मी म्हणालो. मग ते दादांना म्हणाले की हाड पडण्यानेच मोडलं आहे, पायाने नाही. पण तीनदा पाय बसला असता तर हा माणूस तुमच्या उंबऱ्यावरच गेला असता. थांबल्या ते बरं केलं.

हे शब्द त्या खोलीत आम्ही तिघांनीच ऐकले.

पुढचं सगळं किळसवाणं आहे. माझं डोकं भादरलं. कानांच्या वर दोन्हीकडे सुई दिली आणि कवटीला दोन भोकं पाडली. मी खांबांच्या कामातला माणूस, गिरमिट कसं फिरतं हे मला हातानं ठाऊक होतं. आता तो आवाज बाहेरून नव्हता, आतून होता, दातांतून, डोळ्यांमागून. शिंग जळाल्यासारखा वास आला. भोकांत लोखंडी चिमट्याची टोकं बसवली, चिमट्याला दोर, दोर कप्पीवरून खाटेच्या मागे, आणि त्याला वजन. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हे त्यांनी दुसऱ्याला करताना बघितलंय, स्वतः पहिल्यांदाच करतायत. मला ते ऐकून धीर आला. खोटं बोलणारा माणूस असं सांगत नाही.

सहा आठवडे मी छताकडे बघत पडून राहिलो. भोकांतून पातळ पू यायचा. सिस्टर रोज दोनदा कापसाने पुसायच्या आणि पुसताना आपल्या पोराच्या शाळेच्या गोष्टी सांगायच्या, म्हणजे माझं लक्ष दुसरीकडे राहावं. ताट छातीवर, भांडं अंगाखाली. पेज कानात जायची. आपल्याच शरीराच्या मोरीत आपणच राहतोय असं वाटायचं. पण पायाची बोटं हलत होती. सकाळी जाग आली की आधी ती हलवून बघायची, मग डोळे उघडायचे.

तिसऱ्या आठवड्यात मुकादम आला. डझनभर केळी आणली होती आणि एक लिहिलेला कागद. खाटेला टेकून त्याने तो मला वाचून दाखवला. खांबावरून उतरल्यावर मी चांगला होतो, काम करत होतो. घरमालकिणीने मानेवर लाथ मारली त्याने मान मोडली. ठेकेदाराचा यात संबंध नाही. मी म्हटलं, हे असं नाही झालं. तो म्हणाला, "अरे, तू जगलास तर टोळीत जागा आहे. मेलास तर ठेकेदाराला पोलिसात उभं करशील काय? ती गावची बाई, तिला कोण काय करतंय. तू परका माणूस. तुझं कोण आहे इथं?"

माझं कोण आहे इथं. तेवढ्या एका वाक्याने मी गारठलो. सही करायला हात चालत नाही, मी म्हणालो. हे खोटं होतं. हात चांगले चालत होते. तो हसला, खिशातून शाईची डबी काढली, माझा अंगठा धरला, बुडवला आणि कागदावर दाबला. मला सही येत होती. चौथीपर्यंत काय शिकलो असेन तर ते. मी ओरडू शकलो असतो, हात ओढून घेऊ शकलो असतो. डोकं तेवढं बांधलेलं होतं, हात नाही. मी अंगठा ढिला सोडला. मग त्याने एक केळं सोलून माझ्या तोंडात घातलं आणि मी ते खाल्लं. पू, घाम, बिब्ब्याचं पाणी, यातल्या कशाचीच मला पुढे तेवढी किळस वाटली नाही, जेवढी त्या केळ्याच्या गोडीची.

आठ-दहा दिवसांनी दादा आले. मुकादमाने तो कागद दुकानदाराच्या दुकानात वाचून दाखवला होता. उंबऱ्यावर येणारे बंद झाले होते. विहिरीवर बाया वहिनींना सरकून जागा द्यायच्या, मान म्हणून नव्हे, अंग लागू नये म्हणून. पोलीस पाटील घरी येऊन सांगून गेला होता की तो कोकण्या मेला तर केस होईल, अंगठा आहे. वहिनींनी जेवण टाकलं होतं. दादांनी मला दोष दिला नाही, कागदाचं विचारलंही नाही. खाटेजवळ उकिडवे बसून एवढंच विचारलं, "भाऊ, वाचतान ना तुमी?"

मी हो म्हणालो. अंगठ्याचं बोललो नाही.

चिमटा काढून प्लास्टर घातलं ते बेंबीपासून कपाळापर्यंत, चेहरा आणि कान तेवढे उघडे. तीन महिने ठेवायचं होतं. जायला जागा नव्हती. कोकणात त्या अवस्थेत कोण नेणार. दादाच मला परत घरी घेऊन गेले. ज्या बाईवर मी अंगठा उठवला होता, तिच्या ओसरीवर.

वैशाखातलं वऱ्हाडाचं ऊन आणि वर चुन्याची ती भिंत. आत घाम मुरायचा आणि आंबायचा. भाताची शितं, डाळीचे थेंब हनुवटीच्या कडेने आत गळायचे आणि सडायचे. पंधरा दिवसांत उवा झाल्या. प्लास्टरच्या आत, पाठीच्या मधोमध, हात पोचणार नाही तिथे त्या चालायच्या. छत्रीची तार आत घालून मी रक्त येईपर्यंत खाजवायचो. मेलेल्या उंदरासारखा वास यायचा, आणि तो उंदीर मीच होतो. एकदा दुपारी मी विळा घेतला आणि छातीवरचं प्लास्टर तासायला लागलो. वहिनींनी येऊन माझ्या हातातून विळा काढून घेतला. त्या एवढंच म्हणाल्या की खुंटा पुन्हा हालला तर त्या कुठल्या विहिरीत जातील ते त्यांनी बघून ठेवलं आहे. मग ओला फडका घेऊन त्यांनी माझ्या हनुवटीच्या कडेचं आंबलेलं अन्न पुसून काढलं. फडका नाकापासून लांब धरून.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर गेलो. मला बसता येत नव्हतं, मी उभाच राहिलो. चारपाचजण होते. मी डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदाराला दिली. दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं, अंगठ्याचंही. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या होत्या, की हाड खांबावरून पडल्याने मोडलं आहे. दुकानदाराने ती वाचली आणि म्हणाला, डाक्टरले काय माहीत, तो काय इथं होता. आमच्यापाशी तुहा अंगठा आहे.

मी त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि गुळाच्या कागदावर, सगळ्यांसमोर, पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर वाकडं आलं, कारण खाली बघता येत नव्हतं. मग मी म्हणालो, "मला सही येते. तो अंगठा मुकादमाने धरून घेतला आणि मी घेऊ दिला. मी भ्यालो. वहिनींनी पाय लावला त्याच्याआधी नऊ दिवस मी डोकं हातात धरून याच रस्त्याने फिरलो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. हसलात. आता आठवत नाही म्हणा."

एकजण विडी विझवून निघून गेला. एक म्हातारा म्हणाला, हाव, धरून चालत होता खरा, माह्या नातवानं नक्कल केली होती. दुकानदाराने गूळ जोखायला घेतला. तेवढंच झालं. मला वाटलं होतं, खूप काहीतरी होईल.

घरी येऊन मी वहिनींना अंगठ्याचं सांगायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, मले माहीत होतं. मुकादमानं कागद वाचला त्याच दिवशी.

तीन महिने संपल्यावर बुलढाण्यात प्लास्टर कापलं. आतून कातडीचे पापुद्रे, केसांचे पुंजके आणि मेलेल्या उवांचा थर निघाला. कापणारा माणूस दोनदा बाहेर जाऊन आला. पुन्हा तोंडात बूच, पुन्हा फोटो. रेघ बुजली होती. डॉक्टर म्हणाले, हात काढा. मी काढेना. त्यांनी माझे दोन्ही हात जबड्याखालून हळूच सोडवले आणि धरून ठेवले. डोकं जागेवर राहिलं. मी रडलो ते वासाने की कशाने, त्यांनी विचारलं नाही. मान उजवीकडे अर्धी वळली, डावीकडे त्याहून कमी. एवढीच वळेल, असं ते म्हणाले. पुरे होती.

गावी निरोप घ्यायला परत आलो तो शनिवार. रविवारी सकाळी वळकटी बांधताना बघतो, तर उंबऱ्यावर एक माणूस पालथा पडलेला. धोतर कमरेखाली सरकलेलं, पाठीवर तेल, त्यावर मुरूम, आणि तोंड सारवणाकडे. किराणा दुकानदार. गुळाची ढेप उचलताना कंबरेत उसण भरली होती. नियमाप्रमाणे तो एक शब्द बोलत नव्हता. त्याची बायको बाजूला हात जोडून उभी होती.

वहिनी दारात आल्या, त्याच्या पाठीकडे बघितलं, आणि आत वळून मागच्या दाराने शेताकडे निघाल्या. तो पडूनच राहिला. ऊन त्याच्या पाठीवर आलं, माश्या तेलावर बसू लागल्या. त्याला हाकलता येत होत्या, तरी तो हलला नाही, हलला तर गुण जातो म्हणून.

मी मागच्या अंगणातून वहिनींच्या मागे गेलो. बांधावर त्यांना गाठलं. आभार मानायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि क्षमा मागायला तोंड नव्हतं. ताठ मानेने कसाबसा गुडघ्यांवर बसलो आणि पायांकडे हात नेला. त्यांनी पाय मागे घेतले.

"पायाले हात नका लावू भाऊ. लय झालं माह्या पायाचं. गाडी चुकन तुमची, जा."

दादा बैलगाडी घेऊन रस्त्यावर थांबले होते.